बुलेटची चेन आणि एका दाताचा हिशोब

गाडी: बुलेट ३५०, १९९६ सालची. कास्ट आयर्नचं इंजिन, चार गिअर, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. मुक्काम कोल्हापूर. नोंदी स्वतःसाठीच ठेवल्यात, पुढच्या वेळी हीच चूक पुन्हा करायची नाही एवढ्यासाठी.

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

काल खंडेनवमीला हत्यारं पुसून ठेवली, आज गाडी धुतली. गाडी मेन स्टँडवर होती. माळ घालताना बाबांनी सवयीनं मागचं चाक हातानं फिरवलं आणि चेन एका जागी कट्ट करून उडाली. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथंच कट्ट.

"हे काय वाजतंय रं?"

आपट्याची पानं तशीच राहिली, मी चाकापाशी बसलो. चाक थोडं थोडं फिरवत चेन खालून बोटानं उचलून बघितली. एका जागी ती जेमतेम १८ मि.मी. हलते, अर्धा फेरा पुढं गेल्यावर ४५. चेन घट्ट करावी तर घट्ट जागी तारेसारखी ताणणार, सैल सोडावी तर सैल जागी लोंबणार. अशा चेनला अ‍ॅडजस्टमेंट नाही. आज फक्त हळद-कुंकू लावलं.

१३ ऑक्टोबर

मोजमाप. चेन रॉकेलनं धुऊन पुसली, खालचा पट्टा ताणून धरला आणि पोलादी पट्टी लावली. बुलेटची चेन ५३० नंबरची. यातला ५ म्हणजे पिच, एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर: पाच अष्टमांश इंच, १५.८७५ मि.मी. उरलेला ३० म्हणजे आतली रुंदी, तीन अष्टमांश इंच. वीस पिच, म्हणजे पहिल्या पिनपासून एकविसाव्या पिनपर्यंत, नव्या चेनला ३१७.५ मि.मी. भरले पाहिजेत. माझ्या चेनला ३२५ भरले. तीन ठिकाणी मोजलं: ३२५, ३२४, ३२५.५.

साध्या चेनला दोन टक्के वाढ झाली की ती बाद धरायची, म्हणजे ३२४ च्या आसपास. आमची तिथं पोचून पुढं गेलेली.

"चेन ताणली" असं आपण म्हणतो खरं, पण पट्ट्या काही रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि तिच्याभोवतीचं बुश एकमेकांवर घासून झिजतात, आणि प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई येते. साडेसात मि.मी. वीस कड्यांत वाटले तर एका कडीच्या वाट्याला ०.३७ मि.मी. येतात. पण पूर्ण चेनभर हे साचतं आणि शेवटी दातेरी चाकाच्या दातावर जाऊन बसतं. कडी लांबली की रोलर दाताच्या बुडात न बसता वर चढतो, आणि चढून चढून दात एका अंगाला खातो.

मागचे दात बघितले. वाघनखं झालीत. पुढच्या अंगाला वाकडी, टोकाला धारदार. चाकाच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून मागं ओढली, तर अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला.

आता कबुली. ही चेन फक्त दोन वर्षांची आहे, नऊ हजार किलोमीटरही झाले नसतील. २०२२ मध्ये मी नुसती चेन बदलली होती. दात "अजून चालतील" म्हणून तसेच ठेवले होते. नवी चेन झिजलेल्या दातांवर घातली की नव्या कडीचा पिच आणि जुन्या दाताचा खड्डा जुळत नाही, सगळा भार एक-दोन दातांवर येतो आणि चेन लवकर म्हातारी होते. पैसे वाचवले असं वाटलं होतं. वाचले नाहीत.

२० ऑक्टोबर

म्हणजे या वेळी चेन, पुढचं सॉकेट, मागचं सॉकेट, सगळं एकदम. (चेनच्या दातेरी चाकाला शब्द स्प्रॉकेट आहे, माहीत आहे. पण दुकानात स्प्रॉकेट म्हटलं की माणूस क्षणभर थांबतो आणि मग "सॉकेट होय!" म्हणतो. तर इथून पुढं सॉकेटच.)

अडचण अशी की या बुलेटचं मागचं सॉकेट वेगळं निघत नाही. ब्रेकचा ड्रम आणि ३८ दातांचं सॉकेट हा एकच तुकडा आहे. दात गेले की अख्खा ड्रम बदलायचा. आणि पुढचं सॉकेट तर लपलेलं असतं. इतर गाड्यांना दोन बोल्ट काढून झाकण उघडलं की ते दिसतं. इथं ते प्रायमरीच्या, म्हणजे इंजिनाकडून क्लच फिरवणाऱ्या आतल्या चेनच्या, मागं असल्यामुळं मॅग्नेट, क्लच, प्रायमरी चेन, आतली केस, एवढं सगळं काढल्यावर त्याचं दर्शन होतं.

पुढं किती दातांचं घ्यायचं हा प्रश्न. ३५० ला कंपनीचं १६ दातांचं येतं. मिस्त्रीला फोन केला, तर तो म्हणाला, "अठरा टाक. अ‍ॅव्हरेज पण भेटतंय, गाडी पण पळती." शेजारच्या बुलेटवाल्याचंही तेच. या गावात अठरा दातांवर सगळ्यांचं एकमत आहे.

मी म्हटलं, आधी आपल्याला काय बसलंय ते तर बघू. बाबा म्हणाले, "बघायचं काय त्यात? कंपनीचंच आहे. मी कधी हात लावू दिला नाही कुणाला."

न उघडता दात मोजायची एक युक्ती आहे. प्लग काढला, गाडी चौथ्या गिअरला घातली. चौथा गिअर सरळ एकास एक आहे, त्यामुळं मधे फक्त प्रायमरी आणि चेन एवढंच उरतं. उजव्या बाजूला पॉइंटचं झाकण काढलं. पॉइंटचा, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या स्विचचा, कॅम इंजिनच्या निम्म्या वेगानं फिरतो. टायरवर खडूची खूण केली, कॅमवर मार्करनं ठिपका दिला. मी चाक फिरवायचं आणि बाबांनी ठिपका मोजायचा, असं ठरलं.

प्रायमरीचे दात पुस्तकात दिलेत: इंजिनला २५, क्लचला ५६. म्हणजे २.२४. मागं ३८, ते तर डोळ्यांनी मोजलेत. चाकाचे बरोबर चार फेरे केले तर कॅमचे किती व्हावेत, ते आधीच कागदावर काढून ठेवलं:

१६ दात असतील तर १०.६४.
१७ असतील तर १०, अगदी पुरे.
१८ असतील तर ९.४६.

चार फेरे केले. बाबांनी मोठ्यानं मोजलं. "नऊ... आणि... अर्ध्याला जरा कमी." पुन्हा केलं. नऊ आणि अर्ध्याला जरा कमी. तिसऱ्यांदा मी मोजलं आणि बाबांनी चाक फिरवलं, तरी तेवढंच.

म्हणजे आमच्या गाडीला अठराच बसलंय. कधीपासून, देव जाणे.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हां... ते गोव्याला जायच्या आधी एकानं काहीतरी मोठं टाकलं होतं. पण ते कार्बोरेटरचं होतं असं मला वाटलेलं."

कळायला काही मार्गही नव्हता. बुलेटच्या मीटरची केबल पुढच्या चाकातून येते, त्यामुळं सॉकेट काहीही टाका, मीटर बरोबरच दाखवतो. फक्त पन्हाळ्याला जाताना ही गाडी तिसऱ्यात धापा का टाकते, हे कोडं आज सुटलं. आम्ही पंधरा वर्षं कार्बोरेटरला शिव्या घालत होतो.

२२ ऑक्टोबर, रात्री

जेवणानंतर गणित. मागचं टायर ३.२५–१९, एका फेऱ्यात साधारण २.०३ मीटर जातं असं धरलंय. टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे फेरे: १६ दातांना ५.३२, १७ ना ५.०१, १८ ना ४.७३.

७० च्या वेगाला इंजिन मिनिटाला किती फिरतं: १६ वर ३०५०, १७ वर २८७५, १८ वर २७२०. सगळं साधारण. हायवेला अठरावाले खूश का असतात, ते इथं दिसतं. इंजिन निवांत असतं, हातापायाला मुंग्या कमी येतात.

आता दुसरी बाजू. हे इंजिन १८ बीएचपीचं, आणि ती ताकद पूर्ण मिळते ५६२५ आरपीएमला. कंपनीच्या १६ दातांवर टॉपमध्ये ५६२५ आरपीएम म्हणजे ताशी जवळपास १२९ किलोमीटर झाले. अठरावर १४५! ही गाडी १२९ ला तरी कधी पोचणार? सपाटीला ११० च्या पुढं तिचं तीच नको म्हणते. म्हणजे कंपनीनं मुळातच तिला लांब पल्ल्याची गिअरिंग दिलीय. त्यावर आणखी दोन दात वाढवले म्हणून टॉप स्पीड वाढत नाही, फक्त चढाला ओढ अकरा टक्क्यांनी कमी होते. "गाडी पळती" म्हणतात ती उतारालाच पळत असणार.

मग सोळाच घ्यावं काय? अधूनमधून पुण्याला जाणं होतं, तेव्हा तीन हजारावर दोन-दोन तास धडधड सोसावी लागेल. सतरा घेतलं तर अठरापेक्षा सहा टक्के ओढ जास्त, सोळापेक्षा सहा टक्के इंजिन निवांत.

आणखी एक कारण, जे मी मिस्त्रीला सांगणार नाही, तो हसेल. चेनमध्ये एक आतली कडी, एक बाहेरची कडी अशी जोडी असते, म्हणून कड्या नेहमी सम. दातही सम असतील तर एकच दात जन्मभर आतल्याच कडीला भिडतो, शेजारचा जन्मभर बाहेरच्या. दात विषम असले की प्रत्येक फेऱ्याला जोडी बदलते आणि झीज वाटली जाते. मागं ३८ आहेत, तिथं इलाज नाही. पण पुढचं सॉकेट मागच्याच्या दुपटीहून जास्त फिरतं, तिथं विषम बरं.

सतरा. ठरलं.

२७ ऑक्टोबर

दुकानं पालथी घातली. दिवाळीची गर्दी आहे, पण स्पेअर पार्टवाल्यांकडं लायनरची आणि बल्बची.

चेन आपल्याकडं बनलेल्या मिळतात, कोइंबतूरची रोलॉन, चेन्नईची डायमंड. दोन्ही हातात घेऊन बघितल्या. दोन्हींत उणं काढण्यासारखं मला काही दिसलं नाही. एका दुकानात पोरगा ५२० ची घेऊन आला, "पिच सेमच आहे की." पिच सेमच आहे, पण आतली रुंदी ६.३५. आमचे दात ५३० चे, ९.५ च्या फटीत बसणारे जाड. ती चेन दातांवर चढणारच नाही. पोरगा चिडला नाही, उलट व्हर्निअर घेऊन स्वतः मोजून बघत बसला. असा पोरगा दुकानात असावा.

ओ-रिंगची चेन घ्यायची का हा दुसरा घोळ. तिच्यात पिन आणि बुशच्या मधलं ग्रीस रबरी कड्यांनी आत कोंडलेलं असतं. झीज नेमकी तिथंच होते, त्यामुळं ती जास्त टिकते यात वाद नाही. पण ती बाहेरून रुंद असते. आमच्या प्रायमरीच्या मागच्या भिंतीत आणि चेनमध्ये जागा किती आहे, ते उघडल्याशिवाय कळणार नाही. म्हणून आज चेन घेतलीच नाही. पुढचं सॉकेट मात्र घेतलं.

सॉकेट घेताना खिशातून कानस काढली. दुकानदारानं बघितलं, पण काही म्हणाला नाही. दाताच्या अंगाला कानस हलकी फिरवायची. पाणी दिलेलं पोलाद असेल तर कानस घसरते, काचेवर फिरवल्यासारखी. पहिल्या सॉकेटला ती चावली, चमकदार चरा उठला. दुसऱ्याला घसरली. किंमतीत फरक चहा-भजीचा. दुसरं घेतलं, आणि पहिल्यावरचा चरा अंगठ्यानं झाकून परत ठेवलं. हे बरोबर नव्हतं.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. जुना ड्रम काढून उद्यमनगरला नेला. डोक्यात विचार असा की लेथवर जुने दात उतरवून घ्यायचे, वर वेगळी दात्यांची रिंग बसवून बोल्ट मारायचे. म्हणजे पुढच्या वेळी नुसती रिंग बदलता येईल.

लेथवाले काका साठीच्या पुढचे. ड्रम हातात घेतला, आतून बोट फिरवलं, मग नखानं टिचकी मारून आवाज ऐकला.

"हे बघ, आतनं ड्रम अंडं झालाय. ब्रेक धरताना पाय उडतोय का न्हाई?"

उडतो. मी तो ब्रेक-शूजचा दोष समजत होतो.

"दात उतरवून मी रिंग बसवीन. पण बोल्टला धरायला मांस कुठं हाय हितं? चेननं ओढलं की सगळा जोर याच बोल्टांवर. नवा घे. आणि नवा घेतलास तर बसवायच्या आधी माझ्याकडं आण."

पैसे घेतले नाहीत. चहा त्यांनीच पाजला.

१० नोव्हेंबर

नवा ड्रम घेऊन सरळ काकांकडं. त्यांनी तो मँड्रेलवर (मधल्या भोकात बसणाऱ्या सरळ दांड्यावर) चढवला, दातांच्या बुडाला मापाचा डायल लावला आणि हातानं सावकाश फिरवला. सुई चालली, चालली, थांबली, परत आली. ०.९ मि.मी. म्हणजे दातांचं वर्तुळ आणि मधलं भोक एका केंद्रात नाही.

"आता कळलं चेन एका जागी ताठ आन् एका जागी ढिली का होती ते? सगळा दोष चेनचा नसतोय."

ड्रम परत दुकानात. दुकानदारानं आधी "सगळे असेच येतात" म्हणून बघितलं, मग आतून आणखी दोन आणले. दोन्ही घेऊन पुन्हा उद्यमनगर. एक ०.५, एक ०.१५. दुसरा ठेवला. पाऊण दिवस गेला, पण आजवर या गाडीवर घालवलेल्या दिवसांतला हा सगळ्यात कामाचा.

हबमधले, झटके झेलणारे कुश रबरही घेतले. जुने काढताना हातात चुरा आला.

२० नोव्हेंबर, मतदानाची सुट्टी

सकाळी सातला मतदान, आठला गाडीपाशी. बोटाला शाई, वर ऑइल.

डाव्या बाजूचा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढलं, खाली ट्रे लावला. बाहेरची केस मधल्या एका मोठ्या नटावर धरलेली असते. नट सुटला, केस हलली आणि ट्रे ज्या बाजूला नव्हता त्या बाजूनं ऑइल आलं. दर वेळी असंच होतं.

स्टेटर, रोटर (म्हणजेच मॅग्नेट), मग क्लचच्या तीन स्प्रिंगा, प्लेटा. इंजिन सॉकेट, क्लच आणि प्रायमरी चेन एकदमच बाहेर ओढले. दात मोजले: २५ आणि ५६. पुस्तक बरोबर. रोटरची बारीक की (खाचेत बसणारी पाचर) मात्र दिसेना. पाऊण तास फरशीवर हात फिरवल्यावर ती ऑइलच्या ट्रेमध्ये लोहचुंबकाला चिकटून वर आली.

आतली केस काढली आणि तिच्या पाठीवर बघतो तर घासल्याची चकचकीत रेघ. सैल चेन तिथं आपटत होती. बोट घालून बघितलं, जागा तशीही फारशी नाही. ओ-रिंगचा विषय इथं संपला. साधी ५३०. तेल मीच घालीन. शिवाय गिअरबॉक्स तिला आपल्या परीनं थोडं पाजतोच.

पुढचं सॉकेट दिसलं. अठरा. बाबांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून एक-एक दात बोट ठेवून मोजला आणि काही न बोलता आत गेले.

आणि इथं मी आजची मोठी चूक केली. उत्साहात चेन आधीच काढून बसलो होतो. सॉकेटचा नट सोडायचा तर सॉकेट फिरता कामा नये. ते धरून ठेवायची सोपी रीत म्हणजे चेन जागेवर ठेवून मागचा ब्रेक दाबायचा. चेन नाही, तर सॉकेट नुसतं गरगर फिरतंय. मुकाट्यानं जुना ड्रम, जुनी चेन परत चढवली. पेडल काढलेलं, म्हणून आईला बोलावून ब्रेकची रॉड ओढून धरायला लावली.

"एवढंच धरायचं? सोडू नको ना?"

"सोडू नको."

पाइप लावला, नट कुरकुरला आणि सुटला. आईनं रॉड तरी सोडली नाही. "झालं का रे?" असं दोनदा विचारल्यावर मला आठवण झाली.

सॉकेटमागचं ऑइल सीलही बदललं, एवढं उघडल्यावर ते जुनं ठेवणं म्हणजे २०२२ ची कथा पुन्हा. सतराचं सॉकेट बसवून नट त्याच रीतीनं आवळला. अंधार पडला. क्लच-मॅग्नेट उद्या-परवा.

२४ नोव्हेंबर

काल निकालाचे फटाके दिवसभर, आज शांतता. प्रायमरी परत जुळवली. स्टेटर आणि रोटरच्या मधे ०.२ मि.मी. ची फिलर पट्टी चारही बाजूंनी फिरते का बघितलं. एका जागी अडकली, स्टेटर थोडा सरकवून आवळला.

आता चेनची लांबी. नव्या चेनच्या कड्या किती ठेवायच्या तो आकडा मी इथं मुद्दाम लिहीत नाही. प्रत्येकाच्या गाडीला आधीच्या मालकानं काय बसवलंय ते आमच्या अठरावरून कळलंच. आपली चेन आपण गाडीवर गुंडाळून मोजावी. मी अ‍ॅडजस्टर सगळ्यात पुढं घेऊन चाक लावलं, नवी चेन दोन्ही सॉकेटवरून फिरवली आणि टोकं जिथं भेटली तिथं खूण केली. पुढचा एक दात कमी झाला की चेनला अर्धी कडी कमी लागते, म्हणजे तीच चेन ठेवली तर चाक जवळपास ४ मि.मी. मागं जातं. जुन्या चेनएवढ्याच कड्या ठेवल्या आणि चाक बरोबर खाचेत बसलं. कड्या विषम झाल्या की लागणारा दीड कडीचा जोड वापरून भागवायची वेळ आली नाही. तो जोड मला आवडत नाही.

चेन लॉकची क्लिप बसवताना बंद तोंड चेन ज्या दिशेनं धावते तिकडं. वरच्या पट्ट्यात ते पुढच्या चाकाकडं असलं पाहिजे. उलटी बसली तर कशाला अडकून उघडू शकते.

मग सरळपणा. बुलेटचे अ‍ॅडजस्टर गोगलगायीच्या शंखासारखे गोल, कडेला खाचा असलेले. दोन्ही बाजूंना खाच सारखी, की चाक सरळ, असं मी आजवर धरून चाललेलो. आज मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी दोरी लावून पुढच्या चाकापर्यंत ताणली. खाचा सारख्या असूनही चाक डावीकडं बघतंय. उजवा शंख झिजलाय. जुन्या ड्रमचे दात उलटून बघितले, तर आतल्या अंगाला एक बाजू आरशासारखी चकाकतेय. तीस रुपयांच्या तुकड्यापायी चेन इतकी वर्षं तिरकी धावत होती. शंखांची नवी जोडी घालून दोरी परत लावली. बरोबर आली.

सैलपणा मेन स्टँडवर, सगळ्यात घट्ट जागी, २५ ते ३० च्या मधे. चाक पूर्ण फिरवून बघितलं. घट्ट जागी २७, सैल जागी ३०. बाबांनी चाक फिरवलं. कट्ट झालं नाही. त्यांनी आणखी दोनदा फिरवलं.

१ डिसेंबर

पन्हाळा. मागं बाबा. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यामुळं ओव्हरटेकची चाचणी मनसोक्त झाली. तिसऱ्यात गाडी उचलते, आधी मागायला लागायचं ते आता मागावं लागत नाही. वाघबीळच्या पुढं चढाला तिसरा टिकला, एक वळण सोडून. त्या वळणाला दोघं असताना दुसरा घालावाच लागला. तिथं कदाचित सोळानं निभावलं असतं.

ब्रेक मात्र सुरुवातीला हलका लागला. नव्या ड्रमवर जुने शूज अजून सगळीकडून टेकलेले नाहीत. वर पोचेपर्यंत बराच सुधारला, पाय उडणं पूर्ण बंद.

वर झुणका-भाकर खाताना बाबा म्हणाले, "अठरा असताना पण आपण आलो होतोच की."

आलो होतो. दुसऱ्या गिअरमध्ये.

२२ डिसेंबर

सव्वापाचशे किलोमीटर झाले, त्यात एक पुण्याची फेरी. नवी चेन सुरुवातीला थोडी बसते, तशी बसली. दोन्ही शंख एक-एक खाच फिरवून चाक मागं घेतलं, दोरी लावून बघितली. वीस पिच ३१७.८. दर रविवारी तेल, आतल्या बाजूनं, कापसाच्या वातीनं एक-एक सांध्यावर. जास्तीचं पुसून घ्यायचं, नाहीतर त्यावर धूळ बसून तीच कानशीचं काम करते.

पुण्याच्या फेरीत ७० ला इंजिनाचा आवाज आधीपेक्षा किंचित वर. तासाभरानं ते विसरायलाही झालं. पेट्रोलचा फरक एका फेरीवरून सांगता येत नाही, तीन टाक्यांचा हिशोब ठेवतोय.

टूलबॉक्सच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली: "पुढं १७, मागं ३८, चेन ५३०, नोव्हेंबर २०२४." खाली बाबांनी आपल्या अक्षरात भर घातलीय: "मला विचारल्याशिवाय बदलू नये."